नायिकेची आठवण खोटी असली तरी सिनेमा खोटा पडू नये, म्हणून

प्रश्न थोडक्यात असा: मानसशास्त्रीय नाट्यपटाच्या पटकथेचा दुसरा खर्डा हातात आहे. चाळिशीतल्या नायिकेला लहानपणी घराला लागलेली आग आठवत राहते. तेव्हा ती नऊ वर्षांची, भाऊ चौदाचा. आग भावानंच लावली हे तिला लख्ख आठवतं आणि आता प्रौढ झालेल्या त्या भावाशी ती सिनेमाभर वाद घालते. शेवटच्या सात-आठ मिनिटांत कळतं की भाऊ त्याच आगीत गेला होता. वाचणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतात, ‘शेवट आधीच ओळखला’. उरलेले म्हणतात, ‘फसवलं’. आजार कोणता, हे खर्ड्यात कुठेच ठरलेलं नाही.

दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येताहेत. भाऊ दिसतो तो आजारामुळे, आग त्यानं लावली असं वाटतं तेही आजारामुळे आणि तो गेल्याचा विसर पडला तोही आजारामुळेच. एकट्या आजारावर एवढं ओझं टाकलं की त्याला काहीच अशक्य राहत नाही. मग चाणाक्ष प्रेक्षक पहिल्या अर्ध्या तासात ‘हा माणूस नसणारच’ असं धरून बसतो आणि भोळा प्रेक्षक शेवटी चिडतो. म्हणून पहिली दुरुस्ती ही: नायिकेचा आजार आणि नायिकेची चुकीची आठवण या दोन गोष्टी कथेत वेगळ्या करा.

खोट्या आठवणीला आजार लागत नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या धडकेची एकच चित्रफीत दाखवली. नंतर काहींना ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं, तर काहींना तोच प्रश्न ‘गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या’ अशा शब्दांत विचारला. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिली का? काच फुटलेली नव्हतीच. तरी ‘आदळल्या’ ऐकणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांनी आणि ‘लागल्या’ ऐकणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांनी होकार दिला. ही सगळी निरोगी माणसं होती, आणि फरक फक्त एका क्रियापदाचा होता. लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये २४ जणांना ‘लहानपणी तू बाजारसंकुलात हरवला होतास’ असा घरच्यांच्या नावानं रचलेला प्रसंग दिला. सुमारे एक चतुर्थांश लोकांना तो पूर्ण किंवा अंशतः ‘आठवला’.

हे तुमच्या कथेत बसवून पाहा. आगीनंतरच्या दिवसांत नऊ वर्षांच्या मुलीला कोणीतरी मोठं माणूस पुन्हा पुन्हा विचारतं, ‘दादाच्या हातात काडेपेटी होती ना?’ ती गप्प बसते. चौथ्यांदा होकारार्थी मान हलवते. तीस वर्षांनी तिला ती काडेपेटी दिसते, तिच्यावरच्या चित्रासकट. यात आजार कुठेच नाही. आजार नंतर येतो, अपराधीपणावर पोसतो आणि त्या आठवणीला आवाज देतो. रहस्यही मग जागा बदलतं. भाऊ जिवंत आहे की नाही हा प्रश्न फारसा मोलाचा नाही, तो विसाव्या मिनिटालाच उघड करून टाका. तो प्रश्न तिला कोणी आणि का विचारला, यावर उरलेला सिनेमा चालू द्या. ‘ओळखला’ म्हणणाऱ्यांचं तोंडही तिथेच बंद होतं, कारण ओळखण्यासारखं जे होतं ते तुम्हीच सांगून टाकलेलं असतं.

आता आजार ठरवा. कागदावर नाव लिहा, संवादात ते एकदाही आलं नाही तरी चालेल. स्किझोफ्रेनियात, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजारात, भास होतात ते मुख्यतः आवाजांचे. समोर बसून चहा पिणारी, वर्षानुवर्षं सोबत करणारी माणसं दिसणं दुर्मीळ. ‘अ ब्यूटिफुल माइंड’मध्ये (२००१) गणितज्ञ जॉन नॅश यांना सोबती दिसतात, प्रत्यक्षात त्यांना आवाज ऐकू यायचे. कॅमेऱ्याला आवाजाचं चित्र काढता येत नाही म्हणून केलेली ती सोय. तशी सोय तुम्हीही घेऊ शकता, पण ती सोय आहे याची जाणीव ठेवून. शिवाय स्किझोफ्रेनियाचा रुग्ण भावाचा मृत्यू सहसा विसरत नाही. ‘तो मेला असं भासवलं गेलं’ असं मात्र ठामपणे म्हणू शकतो. पटकथेत हे दोन अगदी वेगळे प्रसंग होतात.

आघातानंतरच्या मानसिक त्रासात, म्हणजे पीटीएसडीत, प्रकार उलटा असतो: बहुतेकांना विसरता येत नाही हीच तक्रार. धुराचा वास, गरम झालेली दाराची कडी, एखादा आवाज असे तुकडे वर्तमानात घडत असल्यासारखे अंगावर येतात. त्यांचा क्रम लागत नाही. सगळी आठवण कुलूपबंद होती आणि शेवटच्या रीळात जशीच्या तशी बाहेर आली, ही सिनेमाची आवडती समजूत. अभ्यासकांमध्ये तिच्यावर मोठा वाद आहे. तिच्या जिवावर क्लायमॅक्स उभारू नका. दीर्घकाळच्या दारूनं आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या कोर्साकॉफ विकारात माणूस आठवणीतली पोकळी रचून भरतो, तेही मनापासून, खोटं बोलण्याचा हेतू नसताना. रचलेल्या गोष्टीतला माल बहुधा त्याच्याच जुन्या आयुष्यातला असतो, फक्त चुकीच्या काळात जोडलेला. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, चाळिशीत क्वचित होतो, त्यामुळे नायिकेसाठी तो सोडून द्या. तिच्या वृद्ध वडिलांना तो दिला तर मात्र कथेला हवा असलेला दुसरा अविश्वसनीय साक्षीदार मिळेल: ज्याला आजची सकाळ आठवत नाही, पण ती जुनी रात्र कदाचित आठवते.

नायिकेसाठी मी तीव्र नैराश्य, त्यात भास, हा पर्याय निवडेन. या अवस्थेतले आवाज बहुधा मनःस्थितीशी जुळणारे असतात: ‘तुझ्यामुळे झालं’, ‘तू बघत राहिलीस’. स्किझोफ्रेनियात आवाज अनेकदा आपापसांत बोलतात, ‘ती आता उठली, आता दार उघडतेय’ असं धावतं वर्णन करतात; इथे ते थेट तिच्यावर येतात. नैराश्याचा स्मरणावर आणखी एक परिणाम असतो, तो सिनेमात फारसा दिसत नाही. माणसाला नेमका प्रसंग सांगता येत नाही, तो सरसकट बोलतो. ‘एखादा आनंदाचा दिवस सांगा’ म्हटलं तर उत्तर येतं, ‘आम्ही सुट्टीत नेहमी फिरायला जायचो.’ कोणता दिवस, कोणती जागा, काहीच नाही. नायिकेचं सगळं बालपण असं धूसर ठेवा आणि आगीची रात्र मात्र तपशीलवार. इतका तपशील कुठून आला, हा प्रश्न जाणत्या प्रेक्षकाच्या मनात आपोआप येईल.

खर्ड्यात एक सरळ तर्कदोषही आहे. भाऊ चौदाव्या वर्षी गेला, तर वाद घालणारा प्रौढ भाऊ तिनं कधी पाहिलेलाच नाही. तिच्या कानात बसलेला आवाज नुकता फुटू लागलेल्या मुलाचा असणार. प्रौढ नटाची भूमिका काढून टाका. तीन-तीन पानांचे वादही काढा. असे आवाज बहुधा तोकडे, घोटून तेच ते बोलणारे असतात. तीन ते सहा शब्दांची आठ-दहा वाक्यं ठरवा आणि संपूर्ण सिनेमात तीच फिरवा.

यानंतर तक्ता करायचा. प्रत्येक दृश्यासमोर तीन रकाने: प्रत्यक्षात काय घडलं, नायिकेला काय वाटतं, प्रेक्षकाला काय दिसतं. पहिला रकाना एकदा भरला की दिग्दर्शक, कलादिग्दर्शक आणि संकलक यांच्यापैकी कोणीही तो बदलायचा नाही. गडबड इथेच होते: चित्रीकरणाच्या वेळी ‘संदिग्ध ठेवू’ म्हणत प्रत्येक जण आपापलं सत्य धरून काम करतो, आणि संकलनात दोन दृश्यं एकमेकांना खोटं पाडतात. प्रेक्षकाला संदिग्ध वाटावं यासाठी करणाऱ्यांना सगळं स्पष्ट असावं लागतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातलं नातं म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार. कॅमेरा फक्त नायिकेसोबत राहणार असेल तर ती हजर नाही असं एकही दृश्य नको. तुमच्या खर्ड्यात डॉक्टर आणि नवरा यांचं तिच्या पाठीमागे बोलणं आहे, ते जाईल. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये (१९५०) सुरुवातीचा फ्लॅशबॅक धडधडीत खोटा होता. त्यावर नाराजी ओढवली आणि पुढे त्यानंही ते करायला नको होतं असं मानलं. तिथला फ्लॅशबॅक तटस्थ कॅमेऱ्यानं दाखवला होता, चित्र म्हणजे पुरावा असा समज करून देऊन. खोटं दाखवायला हरकत नाही, पण ते कोणाचं आहे याची खूण चौकटीत हवी. भाऊ एखाद-दुसऱ्या दृश्यात दिसणारच असेल तर त्याच्या खांद्यावरून नायिकेकडे पाहणारा शॉट घेऊ नका. तो घेतला की कॅमेऱ्यानं त्याची नजर मान्य केली, म्हणजे तो आहे असं सिनेमानं स्वतः सांगितलं. त्यानं वस्तू हलवायची नाही, दार उघडायचं नाही, दुसऱ्या कोणाच्या वाक्यानंतर बोलायचं नाही.

आता आगीची रात्र. इथे सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण सिनेमाचा कणा हीच आहे.

ती रात्र पाच वेळा यावी आणि प्रत्येक वेळी बदलावी. प्रत्येक आवृत्तीत एकच ठळक गोष्ट बदला. तीन बदलल्या तर प्रेक्षक कंटिन्युइटीची, म्हणजे शॉटांमधल्या सलगपणाची, चूक समजतो, आणि बदल पार्श्वभूमीत ठेवला तर कोणाच्या लक्षातच येत नाही. पहिल्या आवृत्तीत काडेपेटी असूच नये. दुसरीत हातात काहीतरी आहे. तिसरीत ती काडेपेटी आहे. चौथीत तिच्यावरचं चित्रही दिसतं. पुन्हा पुन्हा सांगितलेली खोटी आठवण सहसा विरत नाही, तिच्यात तपशील भरत जातात. आणि खात्री म्हणजे खरेपणा नव्हे: अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या १९८६ मधल्या स्फोटाची बातमी कुठे कशी कळली, हे विद्यार्थ्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं होतं. सुमारे अडीच वर्षांनी ४४ जणांना पुन्हा विचारलं, तर ११ जणांचं सगळंच चुकलं, आणि चुकीचं सांगतानाही अनेकांना आपली आठवण पक्की वाटत होती. मानसशास्त्रज्ञ उलरिक नाइसर आणि निकोल हार्श यांचा हा अभ्यास. म्हणून नायिकेला सगळ्यात खोट्या आवृत्तीत सगळ्यात शांत आणि ठाम बोलू द्या. खऱ्या तुकड्यांवर ती अडखळेल.

सेपिया रंग, धूसर कडा, संथ गती हे सगळं टाळा. आठवण अशी दिसत नाही, आणि ‘हे खरं नाही हं’ असं दिग्दर्शक कानात सांगतोय असं वाटतं. त्यापेक्षा कॅमेऱ्याची उंची वापरा. माणूस आठवणी दोन प्रकारे पाहतो: स्वतःच्या डोळ्यांतून, किंवा स्वतःला बाहेरून पाहत. नऊ वर्षांच्या मुलीचे डोळे जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरवर असतात. खरे तुकडे त्या उंचीवरून किंवा त्याहून खालून घ्या. प्रश्नांतून तयार झालेली आवृत्ती १५५ सेंटिमीटरवरून, मोठ्या माणसाच्या नजरेनं, आणि चौकटीत ती मुलगीही दिसते. संवादात याचा उल्लेख करायची गरज नाही. जे पुन्हा पाहतील त्यांना कळेल.

आगीचं शास्त्रही तुमच्या बाजूनं आहे. बंद खोलीत तापलेला धूर वर जातो, छताखाली त्याचा थर जमतो आणि खाली उतरत येतो. श्वास घेण्याजोगी आणि दिसण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. रांगणाऱ्या मुलीला भावाचे पाय दिसतील. ज्वाळांच्या उजेडात पलीकडे उभ्या भावाचा स्वच्छ चेहरा आणि हातातली काडेपेटी दिसणं जवळपास अशक्य. हीच तुमची प्रामाणिक खूण: पहिल्या आवृत्तीत फक्त पाय आणि एका पायातली चप्पल, चौथीत पूर्ण चेहरा. शेवटी कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

हे चित्रीकरणाच्या दृष्टीनं आखताना पाचही आवृत्त्या एकाच सलग टप्प्यात घ्या. दृश्य क्रमांक १४क, १४ख, १४ग असे द्या, नाहीतर संकलनाच्या टेबलावर कोणता शॉट कोणत्या आवृत्तीचा हे सांगणारं कोणी उरत नाही. कंटिन्युइटी पाहणाऱ्या सहायकाकडे दोन वह्या हव्यात: एक नेहमीची, दुसरी मुद्दाम केलेल्या बदलांची. दुसरी वही नसेल तर एखादा कामसू सहायक तुमची खूण ‘दुरुस्त’ करून ठेवतो. आधी न जळलेल्या खोलीतल्या सगळ्या आवृत्त्या, मग धूर, सर्वांत शेवटी काजळी आणि जळका सेट, हाच क्रम. उलट जाता येत नाही. वर्तमानातल्या घरात मात्र असे बदल करू नका. ‘द फादर’मध्ये (२०२०) घराची रचना आणि वस्तू हळूहळू बदलतात, कारण तिथे डिमेन्शिया झालेल्या माणसाचं वर्तमानच निसटतंय. तुमच्या नायिकेचं वर्तमान जागेवर आहे. तिथे भिंतीचा रंग बदलला की करार मोडला.

ध्वनीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे भासाच्या आवाजाला घुमवणं. प्रतिध्वनी लावला की प्रेक्षक तो भास म्हणून बाजूला ठेवतो, रुग्णाला मात्र तो आवाज खराखुरा ऐकू येतो, कित्येकदा बाहेरून, भिंतीपलीकडून आल्यासारखा. म्हणून आवाज त्याच खोलीच्या ध्वनिगुणात बसवा, संवादापेक्षा किंचित खाली, आणि त्याची जागा ठरलेली ठेवा: उदाहरणार्थ, कायम डावीकडून, मागून. पंखा, नळ, दूरचं बोलणं अशा अस्पष्ट आवाजांतून तो हळूच वर येऊ द्या. नायिका इअरफोन लावते, गुणगुणते, रेडिओ मोठा करते. आवाज ऐकणारी अनेक माणसं हे उपाय करतात, आणि घरच्यांना तो निव्वळ विचित्रपणा वाटतो. नवऱ्याशी खटका उडवायला हे पुरेसं आहे.

अभिनयात डोकं धरणं, डोळे विस्फारणं, किंचाळणं पहिल्या वाचनातच बंद करा. तीव्र नैराश्यात सगळं मंदावतं. प्रश्नानंतर उत्तराला लागणारा वेळ वाढतो, आवाजातले चढउतार जातात, चेहरा सपाट होतो. अभिनेत्रीला एकच तांत्रिक सूचना द्या: उत्तराआधी दोन-तीन सेकंद थांब, आणि आवाज येत असेल तेव्हा आधी तो ऐक, मग समोरच्याला उत्तर दे. संकलकाला हे मोकळे क्षण कापायचा मोह होईल; त्याला आधीच बजावून ठेवा. औषधांचे परिणामही दिसू द्या: झोपाळूपणा, वाढलेलं वजन, हाताचा कंप, एका जागी बसवत नाही अशी पायांची चुळबुळ. वडिलांना डिमेन्शिया दिलात तर त्यांच्या नटासाठी एक नेमकी लकब आहे: प्रश्न विचारला की शेजारच्या नातेवाइकाकडे वळून पाहणं, ‘सांग गं’ अशा नजरेनं. विनोद करून वेळ मारून नेणं आणि संध्याकाळी जास्त बिथरणं हेही खरंच घडतं.

उपचारांची दृश्यं आटोपशीर ठेवा, पण चुकीची नकोत. औषध सुरू केल्यावर दुसऱ्या सकाळी आवाज थांबत नाहीत. आठवडे जातात आणि ते एकदम गायब न होता मागे सरकतात, कमी टोचतात. विजेचे उपचार दाखवायचे असतील तर भूल आणि स्नायू शिथिल करणारं इंजेक्शन दाखवावंच लागेल. तडफडणारं शरीर ही जुन्या सिनेमांची देणगी आहे. त्या उपचारानं आठवणी जाऊ शकतात, पण मुख्यतः त्याच्या आसपासच्या आठवड्या-महिन्यांतल्या. बालपणीची एक नेमकी रात्र त्यानं पुसली जात नाही. संमोहनाचं दृश्य काढून टाका. संमोहनानं आठवण अधिक अचूक होत नाही, तिच्यावरची खात्री मात्र वाढते. चांगला डॉक्टर विचारेल, ‘त्या रात्रीचं जे आठवतं ते सांगा’, आणि थांबेल. लहानपणी विचारलेल्या ‘काडेपेटी होती ना?’ या प्रश्नासमोर हा प्रश्न ठेवला की दोन प्रश्नांमधला फरकच सगळं बोलून जातो. वेगळं भाष्य लिहू नका.

नायिकेला हिंसक करायचा मोह खर्ड्यात दोनदा झालेला दिसतो, सुरीच्या आणि जिन्याच्या दृश्यात. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं हिंसक नसतात, उलट हिंसेला बळी पडण्याचा धोका त्यांना जास्त. कथेलाही त्या दृश्यांची गरज नाही. मधला भाग ढिला पडला म्हणून ती आली आहेत. प्रश्न कोणी विचारला याचा शोध सुरू झाला की तो ढिलेपणा राहणार नाही.

कच्चं संकलन झालं की ८ ते १२ अशा माणसांना दाखवा ज्यांनी पटकथा वाचलेली नाही. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. सिनेमा चाळिसाव्या मिनिटाला थांबवा आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे लिहू द्या: त्या रात्री काय घडलं, क्रमानं. ऐंशीव्या मिनिटाला पुन्हा. दोन्ही कागदांत फरक पडला नाही तर आवृत्त्या पुरेशा बदलत नाहीत. चाळिसाव्या मिनिटालाच बहुतेकांनी विचारणाऱ्याचं नाव लिहिलं तर तिसरी आवृत्ती उशिरा आणा. ‘भाऊ दिसला म्हणजे तो जिवंत’ असं दोघा-तिघांनी लिहिलं तर कुठेतरी खांद्यावरचा शॉट राहून गेलाय, तो शोधा. शेवटी त्यांच्याकडून काडेपेटीवरचं चित्र काढून घ्या. जे कधी दाखवलंच नाही असं चित्र कोणीतरी हमखास काढतं.

शेवटच्या सात-आठ मिनिटांत ‘खरी’ आग दाखवू नका. पाचवी आवृत्ती पहिलीसारखीच अपुरी ठेवा: धूर, पाय, एक चप्पल. नायिकेला सत्य कळण्याची वाट कागदोपत्री किंवा वडिलांच्या तोंडून असू द्या, तिच्या स्मरणातून नको. जे तिनं पाहिलंच नव्हतं ते तिला आठवणार कसं? त्यामुळे शिल्लक राहिलेली पानं प्रश्न विचारणाऱ्या त्या मोठ्या माणसाला द्या, त्याच्याकडेही कारण हवं. मानसोपचारतज्ज्ञाला पटकथा तिसऱ्या खर्ड्याच्या आधी दाखवा, सेट लागल्यावर दाखवून काही बदलता येत नाही. आणि ध्वनिमिश्रणाच्या खोलीत, अंतिम मिश्रणाआधी, ज्यांना स्वतःला आवाज ऐकू येत होते आणि आता ज्यांची तब्येत स्थिर आहे अशा एक-दोघांना त्यांची तयारी असेल तर, मोबदला देऊन आणि केव्हाही उठून जायची मोकळीक ठेवून ऐकवा. आवाजाची पातळी आणि दिशा याबाबत त्यांचं म्हणणं ध्वनिसंयोजकाच्या मताच्या वर ठेवा.